जुना बॉटम ब्रॅकेट उघडायचाय, कोणते पाने घेऊ?

गेल्या अंकात पेडलच्या बेअरिंगविषयी लिहिलं. त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं बॉटम ब्रॅकेटची आहेत. हे नाव नवं असलेल्यांसाठी आधी थोडक्यात: दोन्ही क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, ज्या आडव्या एक्सलवर बसतात तो एक्सल, त्याच्या दोन टोकांचे कप, कप आणि एक्सलमधले छर्रे, आणि हे सगळं पोटात घेणारी फ्रेमची जाड नळी, म्हणजे शेल. जुन्या सायकलींत उजवा कप एकदा घट्ट बसवून ठेवायचा असतो, त्याला फिक्स्ड कप म्हणतात. डावा कप आत-बाहेर फिरवून बेअरिंग जुळवायचं आणि बाहेरून लॉकरिंगने तो जखडायचा. एवढं ध्यानात ठेवलंत की पुढचं सगळं समजेल.

प्रश्न : ताई, मामांची 1970 च्या दशकातली रेसिंग सायकल माझ्याकडे आली आहे. क्रँक अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत, मधोमध बोल्ट आहे. पेडल मारताना खालून करकर ऐकू येते आणि क्रँक हाताने हलवली तर डुलते. बॉटम ब्रॅकेट स्वतः उघडायचा आहे. एकाच पेटीत सगळ्या प्रकारचे पाने मिळतात, अशी जाहिरात पाहिली. पेटी घेऊ की सुटे पाने?

उत्तर : पेटी घेऊ नका. अशा पेट्या बहुधा आजच्या सायकली डोळ्यांसमोर ठेवून भरलेल्या असतात. त्यातले बरेच पाने तुमच्या सायकलला लागणारच नाहीत, आणि जे लागतील ते नेमके ढिले बसतील. ढिला पाना घसरला की कपची कड गोल होते, लॉकरिंगची खाच फाटते. तुमच्या सायकलीचे कप आज बाजारात नवे मिळतीलच असं नाही. पाना दुसरा घेता येतो, कप घेता येत नाही, म्हणून मी उलट्या टोकाकडून सुरुवात करते. आधी शेलच्या आसपासची सगळी घाण रॉकेलने पुसून काढायची, प्रत्येक भाग मोजायचा, कागदावर लिहायचं, आणि मगच पान्याचा विचार. तुमची पहिली खरेदी व्हर्नियर कॅलिपर असू द्या.

आता क्रमाने जाऊ. क्रँकचा बोल्ट. कँपान्योलो या इटालियन कंपनीच्या जुन्या क्रँकना 15 मिलिमीटरचा सॉकेट लागतो, स्ट्राँगलाइट आणि टीए या फ्रेंच कंपन्यांना 16 चा, जपानी क्रँकना बहुतेक वेळा 14 चा. पण नंबर जुळला म्हणून काम झालं असं नाही. बोल्टभोवतीच्या खळग्यात आटे असतात, आणि पुलर, म्हणजे क्रँक एक्सलवरून ओढून काढणारं हत्यार, त्याच आट्यांत बसवायचा असतो. त्या खळग्याची आतली मोकळी जागा साधारण 21 मिलिमीटर. गॅरेजमधल्या जाड भिंतीच्या सॉकेटचा बाहेरचा व्यास त्याहून मोठा असला की तो एकतर आत जात नाही, नाहीतर आटे खरवडत जातो. पातळ भिंतीचा सॉकेट घ्या, आणि घेण्याआधी त्याचा बाहेरचा व्यास मोजा.

पुलरच्या बाबतीत मी अगदी हट्टी आहे. बहुतेक क्रँकमध्ये पुलरसाठी 22 मिलिमीटर व्यासाचे, 1 मिलिमीटर पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) आटे असतात. टीएच्या क्रँकमध्ये 23 चे, आणि जुन्या स्ट्राँगलाइटमध्ये 23.35 चे. स्ट्राँगलाइटने पुढे 22 स्वीकारला, त्यामुळे नावावरून काही ठरवू नका. खळगा आतून मोजा. आट्यांच्या माथ्यापासून समोरच्या माथ्यापर्यंत साधारण 21 भरलं तर 22 चा पुलर, 22 च्या आसपास भरलं तर टीएचा, आणि 22.3 च्या जवळ गेलं तर जुन्या स्ट्राँगलाइटचा. 23 चा पुलर 23.35 च्या आट्यांत सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमचे सगळे आटे घेऊन बाहेर येतो. तशा क्रँकला मग पुलर लावायला जागाच उरत नाही.

पुलर लावण्याआधी बोल्ट काढला आणि त्याखालचा वॉशर आतच राहिला, असं फार घडतं. काळ्या ग्रीसखाली तो दिसत नाही. पुलर मग एक्सलऐवजी त्या वॉशरवर रेटतो, वॉशर क्रँकलाच टेकलेला असतो, आणि आटे जातात. टॉर्च मारून बघा, सुईने टोकरून बघा. पुलर हाताने पूर्ण खोलवर फिरला पाहिजे. दोन वेढ्यांत अडकला तर बाहेर काढून आटे जुन्या टूथब्रशने साफ करा. पाना लावून ढकलू नका.

क्रँक निघाल्या की डाव्या बाजूला लॉकरिंग आणि कप दिसतील. लॉकरिंगसाठी हूक पाना लागतो. खाचांची संख्या आणि रुंदी कंपनीगणिक वेगळी असते, म्हणून दोनच गोष्टी बघा: हूकचा दात खाचेच्या तळाला टेकतो का, आणि पान्याचा बाक रिंगच्या गोलाईला लागून बसतो का. बाक जुळत नसेल तर सगळा जोर एका दाताच्या टोकावर येतो आणि खाच फाटते. एकाहून अधिक दात असलेला पाना मिळाला आणि तो तुमच्या रिंगला नेमका बसला, तर तोच घ्या. छिन्नी-हातोडीने लॉकरिंग फिरवणारे पुष्कळ आहेत. जुन्या सायकलीच्या लॉकरिंगवर त्यांच्या खुणा बघितल्या की मला वाईट वाटतं, आणि त्या खुणा कानसून जातही नाहीत.

डाव्या कपला बहुधा छोटी भोकं असतात, त्यासाठी पिन पाना. काहींना खाचा किंवा चौकट असते, त्यांचे पाने वेगळे. कमी-जास्त होणारा पिन पाना भोकांच्या सगळ्या कपांना चालतो, पण स्वस्तातल्या पान्याची पिन वाकते आणि भोकाची कड लंबगोल करते. मी लेथवर काम करून वाढलेली बाई आहे, त्यामुळे माझा पिन पाना मी स्वतःच केला आहे: जाड लोखंडी पट्टी, कपच्या भोकांच्या अंतरावर पाडलेली दोन भोकं, आणि त्यात ठोकून बसवलेले तुटक्या ड्रिलचे दांडे. ज्यांच्याकडे ड्रिल मशीन आणि कानस आहे त्यांनी हे जरूर करावं. या पान्याला फार जोर लावायचा नसतोच. त्याचं खरं काम कप जागच्या जागी धरून ठेवण्याचं, तोवर दुसऱ्या हाताने लॉकरिंग आवळायची. आवळताना लॉकरिंग शेलच्या कडेला टेकून कपला किंचित बाहेर ओढते, म्हणून बेअरिंग आधी केसभर घट्ट ठेवा. लॉकरिंग पूर्ण आवळली की ते बरोबर मोकळं होतं. पहिल्याच खेपेला जमलं नाही तर पुन्हा सोडा, पुन्हा आवळा.

राहिला उजवा फिक्स्ड कप. त्याचा पाना आत्ता घेऊ नका. डावा कप, एक्सल आणि छर्रे काढले की उजव्या कपच्या आतला बेअरिंगचा मार्ग टॉर्चने दिसतो. कापडाने चकचकीत पुसा आणि बॉलपेनचं टोक त्या मार्गावरून हळू फिरवा. डोळ्यांना न दिसणारा खड्डाही टोकाला जाणवतो. मार्ग गुळगुळीत असेल तर तो कप फ्रेममध्येच राहू द्या. तिथल्या तिथे साफ करून नवं ग्रीस भरा आणि नवे छर्रे घाला. पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटरचे, एका बाजूला 11. जाळीतले छर्रे काढून सुटे घातले तरी चालतात, किंबहुना मी तेच करते, कारण जाळीत छर्रे कमी मावतात आणि भार थोड्यांवर येतो. जुने छर्रे कितीही चांगले दिसले तरी परत घालू नका.

म्हणजे तुमची यादी एवढीच: कॅलिपर, पातळ सॉकेट, योग्य पुलर, हूक पाना, पिन पाना. एखादं लोहचुंबक असू द्या, छर्रे पलंगाखाली जातात.

प्रश्न : माझ्या सायकलीच्या कपवर काहीच कोरलेलं नाही. शेलची रुंदी 68 मिलिमीटर, डाव्या कपचा बाहेरचा व्यास 34.7. नवा कप मागवायचा आहे. इंग्लिश मागवू की फ्रेंच? दोघांचंही माप हेच येतं असं वाचलं.

उत्तर : बरोबर वाचलंत. इंग्लिश कपचं नाममात्र माप 1.37 इंच, म्हणजे 34.8 मिलिमीटर, आणि फ्रेंचचं 35. झिजलेल्या कपवर कॅलिपर लावल्यावर दोन्ही 34.6 ते 34.9 च्या मध्ये येतात. रुंदीही दोघांची 68. व्यासाने हा प्रश्न सुटत नाही, आट्यांच्या अंतराने सुटतो.

इंग्लिश कपला एका इंचात 24 आटे असतात, म्हणजे दोन आट्यांत 1.058 मिलिमीटर. फ्रेंचमध्ये बरोबर 1 मिलिमीटर. एका आट्यात हा फरक दिसत नाही, दहांत दिसतो. एका आट्याच्या माथ्यावर कॅलिपरचं एक टोक ठेवा, तिथून पुढच्या दहाव्या माथ्यावर दुसरं. 10.6 च्या जवळ आलं तर इंग्लिश, 10.0 आलं तर फ्रेंच. याहून सोपं म्हणजे पिच गेज, पात्यांचा छोटा जुडगा असतो. 24 चं पातं आणि 1.0 चं पातं आळीपाळीने कपवर टेकवून उजेडासमोर धरा. जे पातं बसेल त्याखालून उजेड येणार नाही. बॉटम ब्रॅकेटसाठी घेतलेल्या हत्यारांत मला सर्वांत जास्त वेळा उपयोगी पडलेलं हत्यार हे पिच गेजच आहे, आणि जाहिरातीतल्या पेट्यांत नेमकं तेच नसतं.

व्यास 35.6 ते 35.9 आला असता आणि शेल 70 असता तर इटालियन म्हटलं असतं. तिथे 36 मिलिमीटर व्यास आणि इंचात 24 आटे. कँपान्योलोच्या कपवर हे कोरलेलं असतं, इटालियनवर 36 x 24 आणि इंग्लिशवर 1.370 x 24. एक्सलवरचे 68 आणि 70 हे आकडे शेलची रुंदी सांगतात, म्हणून जुना एक्सल टाकून देण्याआधी तो पुसून वाचा.

अजून एक सापळा आहे रॅलेचा. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या या कारखान्याने आपल्या साध्या, तीन गियरच्या सायकलींत वर्षानुवर्षं स्वतःचं माप वापरलं: व्यास 1 3/8 इंच आणि इंचात 26 आटे. शेलची रुंदी बहुधा 71 किंवा 76 मिलिमीटर. वरच्या पद्धतीने दहा आटे मोजले तर 9.8 च्या आत येतं. या शेलमध्ये 24 चा कप सुरुवातीचा वेढा घेतो आणि पुढे अडतो. त्या क्षणी थांबायचं. इंग्लिश शेलमध्ये फ्रेंच कप घालतानाही तसंच होतं. हाताने तीन-चार वेढे सहज गेले नाहीत, तर आटे जुळत नाहीत असं समजा.

तुमचं माप फ्रेंच निघालं, तर आणखी एक गोष्ट. फ्रेंच आणि स्विस यांचा व्यास आणि पिच दोन्ही सारखे, 35 आणि 1. फरक फक्त उजव्या कपमध्ये: फ्रेंचचा आटा सरळ, म्हणजे घड्याळाच्या दिशेने आवळणारा, स्विसचा उलटा. मोतोबेकान या फ्रेंच कंपनीच्या 1970 च्या दशकातल्या काही सायकलींत स्विस आटे सापडतात. डावा कप दोघांतही सरळच, म्हणून डाव्यावरून काही कळत नाही. तुम्हाला डावाच कप हवा असेल तर ही चिंता नाही. उजवा कप चांगला असेल तर त्याला हात न लावलेला बरा.

प्रश्न : आमच्या घरी लोखंडी क्रँकची, कॉटर पिनची (क्रँक एक्सलवर जखडणारी पाचरीसारखी पिन) जुनी सायकल आहे. पिन काढायला खास प्रेस मिळतो म्हणतात. बाबा म्हणतात, हातोडी आहे ना घरात. कोणाचं ऐकू?

उत्तर : एकच पिन, एकदाच काढायची असेल तर बाबांचं ऐका, पण माझी अट पाळून. सायकली आवडीने दुरुस्त करत राहणार असाल तर प्रेस घ्या. कॉटर पिनच्या सायकलीसाठी त्याच्याइतकं समाधान देणारं दुसरं हत्यार नाही. बोल्ट आवळत जायचा, आवळत जायचा, आणि मग एकदम काडकन आवाज करून पिन सुटते. क्रँकला ओरखडा नाही, बेअरिंगला धक्का नाही.

अट अशी. क्रँक अधांतरी असताना पिनवर हातोडी मारली, तर तो घाव पिनवर कमी आणि एक्सलमधून छर्ऱ्यांवर जास्त जातो. छर्रे कपमध्ये खड्डे पाडतात, आणि मग सुधारायला काढलेला बॉटम ब्रॅकेट आणखी बिघडतो. म्हणून जाड लोखंडी पाइपचा तुकडा असा कापा की तो जमिनीपासून क्रँकच्या खालच्या अंगापर्यंत ताठ उभा राहील. पिनचं जाड टोक पाइपच्या पोकळीत यायला हवं. नट पूर्ण काढू नका, पिनच्या टोकाशी सपाट येईल एवढाच सैल करा, म्हणजे आट्यांचं टोक पसरत नाही. मग जड हातोडीचा एकच नेमका घाव. हलक्या हातोडीचे वीस घाव म्हणजे पिन वाकवण्याची खात्री. एकदा पिन हलली की नट काढून पंचाने बाहेर काढा.

घरी मोठा बेंच व्हाइस असेल तर प्रेसचं काम त्यावरही होतं. एका जबड्याकडे पिनचं आट्यांचं टोक, दुसऱ्या जबड्याकडे पिनचं जाड टोक आत घेईल असा सॉकेट, आणि व्हाइस आवळायचा. सायकल पेलायला कुणीतरी सोबत हवं. साधा जी क्लॅम्प यासाठी वापरू नका, तो वाकतो.

नवी पिन आणताना जुनी सोबत घेऊन जा. इंग्लिश सायकलींत व्यास बहुधा 9.5 मिलिमीटर, इतरत्र 9 आणि 8.5 सुद्धा सापडतो. पिनच्या सपाट बाजूचा उतारही वेगवेगळा असतो, त्यामुळे नव्या पिनला थोडं कानसावं लागतं. एक चपटी, बारीक दाताची कानस या कामासाठी वेगळी ठेवा. दोन्ही पिना सारख्या कानसल्या पाहिजेत, नाहीतर दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पेडल मारताना एक पाय नेहमी मागे पडल्यासारखा वाटतो. एक क्रँक पुढे आणि एक मागे अशा आडव्या धरल्या, तर एका पिनचा नट वर आणि दुसरीचा खाली दिसला पाहिजे. दोन्ही नट एकाच दिशेला असतील तर एक पिन उलटी घातली आहे.

आणि पिन नटाने ओढून घ्यायची नसते. तिला प्रेसने किंवा खाली आधार देऊन हातोडीने आत बसवायचं. नट फक्त ती परत मागे येऊ नये म्हणून. थोडं चालवून झाल्यावर पुन्हा एकदा दाबा, ती आणखी किंचित आत जाते.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. इंग्लिश फ्रेमचा उजवा कप खड्डे पडल्यामुळे बदलायचाय. 36 चा पाना आणला पण तो सारखा घसरतो. कप जागचा हलत नाही. काय करू?

उत्तर : तू खड्डे पाहून मग कप काढायला निघालास, हे मला फार आवडलं. आधी दिशा तपास. इंग्लिश फ्रेममध्ये उजव्या कपचा आटा उलटा असतो. म्हणजे उजव्या बाजूला उभं राहून घड्याळाच्या दिशेने फिरवलं की तो सुटतो. हलत नाही म्हणणाऱ्यांपैकी अनेकजण तो आणखी घट्ट करत असतात.

हा आटा उलटा ठेवण्यामागे कारण आहे. पेडल मारताना छर्रे कपमध्ये गडगडत फिरतात आणि कपला पेडलच्या विरुद्ध दिशेने अगदी थोडं थोडं सरकवत राहतात. उजवीकडे सरळ आटा असेल तर हे सरकणं कपला सोडवत नेतं. इटालियन आणि फ्रेंच फ्रेममध्ये उजवा आटा सरळच असतो, म्हणून तिथे तो कप अतिशय घट्ट बसवावा लागतो.

आता घसरणाऱ्या पान्याविषयी. फिक्स्ड कपच्या सपाट कडा फार कमी उंचीच्या असतात, पाना थोडा जरी तिरका झाला की निसटतो. त्यामुळे पाना कपवर दाबून धरायला काहीतरी हवं. एक्सल आणि डावा कप परत आत घाल, पाना उजव्या कपवर बसव, आणि बाहेरून मोठा वॉशर लावून क्रँकचा बोल्ट एक्सलमध्ये फिरव, पाना हलणार नाही इतपत. मग पान्याला लांब पाइप जोडून जोर लाव. त्याआधी कपच्या कडेने आत झिरपणारं गंजतेल सोड आणि रात्रभर ठेव. फ्रेम पक्की धरलेली असू दे, स्टँडवर लटकवून हे काम होत नाही.

बेंचला बोल्टने घट्ट बसवलेला व्हाइस मिळाला तर मी तोच वापरेन. कपच्या दोन सपाट कडा व्हाइसच्या जबड्यात धरायच्या आणि फ्रेमच फिरवायची. फ्रेम आडवी असते, उजवी बाजू खाली. वरून बघताना फ्रेम कुठल्या दिशेला न्यायची याचा घोळ होतो, म्हणून खडूने बाण काढून ठेव: कप उजव्या बाजूने बघता घड्याळाच्या दिशेने सुटतो, म्हणजे कप स्थिर असताना फ्रेम त्याच बाजूने बघता उलट दिशेने फिरते. तू वरून, म्हणजे डाव्या बाजूने बघतोस, म्हणून तुला ती घड्याळाच्या दिशेने फिरताना दिसेल. मागच्या चाकाच्या दांड्यांवर जोर देऊ नकोस, ते वाकतात. सीटच्या आणि खालच्या मुख्य नळ्यांना धर.

व्हाइस नसेल आणि कडा आधीच गोल झाल्या असतील, तर जुन्या मेकॅनिकांची एक युक्ती आहे. कपच्या मधल्या भोकातून जाईल असा जाड बोल्ट, एक नट आणि दोन मोठे वॉशर घे. बोल्ट आतल्या बाजूने बाहेर येऊ दे, कपच्या दोन्ही अंगांना वॉशर, बाहेरून नट. आतलं डोकं डावीकडून लांब सॉकेटने धर आणि बाहेरचा नट घड्याळाच्या दिशेने आवळत जा. नट कपला इतका जखडतो की शेवटी नट फिरायचा थांबतो आणि कपच त्याच्यासोबत फिरायला लागतो. तो क्षण आला की आतलं डोकं सोडून दे, नाहीतर बोल्ट कपसोबत फिरू शकणार नाही. इंग्लिश कप त्याच दिशेला सुटतो, म्हणून हे जमतं. पुढे कधी इटालियन किंवा फ्रेंच फ्रेम हाती आली तर हेच उलटं करायचं: बाहेरचा नट धरून ठेवायचा आणि आतलं डोकं डावीकडून घड्याळाच्या दिशेने आवळायचं. डावीकडून घड्याळाच्या दिशेने म्हणजे उजवीकडून उलट, आणि सरळ आट्याचा कप तसाच सुटतो.

नवा कप घालताना आट्यांना ग्रीस लाव. तुझ्यानंतर कुणालातरी तो काढायचा आहे.

प्रश्न : शेलचे आटे गंजले आहेत. आटे पाडायचा टॅपचा जोड विकत घ्यावा का?

उत्तर : नको. चांगला जोड हे कारखान्याचं हत्यार आहे. इंग्लिश फ्रेमसाठी उजवा टॅप उलट्या आट्याचा लागतो, आणि दोन्ही टॅप एका रेषेत चालवणारा दांडा चांगला नसेल तर आटे तिरके पाडून बसाल. ज्यांच्याकडे ते आहे त्यांच्याकडून एकदा करून घ्या. नुसता गंज आणि जुना रंग काढायचा असेल तर त्याच मापाचा जुना लोखंडी कप घ्या, त्याच्या आट्यांवर आडव्या तीन-चार खाचा करवतीने पाडा, तेल लावा आणि हाताने पुढे-मागे करत शेलमध्ये फिरवा. कचरा खाचांत गोळा होतो. धातू कापला जात नाही, फक्त साफ होतो, आणि बहुतेक शेलना तेवढंच हवं असतं.

प्रश्न : सुटे छर्रे, ग्रीस हे सगळं टाळून बंद कार्ट्रिज, म्हणजे एक्सल आणि बेअरिंग एकत्र असलेलं बंद नळकांडं, बसवला तर?

उत्तर : कप आणि एक्सल दोन्ही खड्ड्यांनी गेले असतील तर जरूर बसवा. त्याचा खाचांचा पाना वेगळा घ्यावा लागेल. इंग्लिश आणि इटालियन आट्यांत कार्ट्रिज सहज मिळतात, फ्रेंचमध्ये शोधावे लागतात. मात्र एक्सलच्या चौकोनी टोकाचा प्रकार बघून घ्या. आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक) आणि जेआयएस (जपानी मानक) असे दोन प्रकार आहेत. आयएसओची क्रँक तेवढ्याच लांबीच्या जेआयएस एक्सलवर घातली तर ती सुमारे 4.5 मिलिमीटर बाहेर राहते, आणि साखळीची रेषा चुकते. पण नुसतं ग्रीस सुकलंय म्हणून कार्ट्रिज लावू नका. चांगले कप असलेला जुना बॉटम ब्रॅकेट कितीही वेळा उघडून साफ करता येतो. कार्ट्रिज संपला की फेकायचा. आणि काढलेले कप, एक्सल पुसून, तेल लावून, नाव लिहून जपून ठेवा.

प्रश्न : दोन्ही क्रँक आणि एक्सल मिळून एकच वाकवलेली सळई आहे. याला कोणता पुलर?

उत्तर : पुलर लागतच नाही. या अमेरिकी पद्धतीच्या शेलला आटे नसतात, आतला व्यास 51.3 मिलिमीटर असतो आणि कप दाबून बसवलेले असतात. तुम्हाला हवा एक मोठा स्क्रू पाना आणि एक जाड पेचकस. आधी डावं पेडल काढा, त्याचा आटा उलटा असतो. मग डाव्या बाजूचा मोठा नट, तोही उलट्या आट्याचा, घड्याळाच्या दिशेने सोडवा. त्याखालचा वॉशर काढा आणि बेअरिंग दाबून धरणारा शंकूसारखा भाग, म्हणजे कोन, पेचकसाने त्याच दिशेने फिरवून बाहेर घ्या. मग सगळी सळई उजवीकडून तिरकी करत बाहेर येते. छर्रे जाळीतले आणि 5/16 इंची असतात, पाव इंची घालू नका.